पडद्यावर मोठं दिसलं म्हणजे निदान झालं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजण्यात चूक होत नाही ना ते कळेल. तुमचं वय २९. सात महिन्यांपासून केस गळताहेत, आणि ते सुरू होण्याच्या दोन-अडीच महिने आधी आठवडाभर जोराचा ताप येऊन गेला होता. एका ठिकाणी भांगावर कॅमेरा ठेवून मोठ्या पडद्यावर तुमचं डोकं तुम्हालाच दाखवलं, 'बरीच मुळं मेली आहेत, छिद्रं बुजली आहेत' असं सांगितलं आणि लगोलग उपचारांचं पॅकेज पुढे केलं. मग तुम्ही एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलात. त्यांनी खिशातून छोटं भिंग काढलं, दोन-तीन मिनिटं बघितलं आणि 'तापानंतरची गळती आहे, थांबेल' म्हणाले. आता तुम्ही विचारताय की मोठ्या मशीनवर विश्वास ठेवू की छोट्या भिंगावर, आणि बायोप्सी करून एकदाचा सोक्षमोक्ष लावू का.

मशीन आणि भिंग यांच्यात तसं भांडण नाहीच. दोन्हींतून दिसतं ते एकच. एकात कमी मोठं, दुसऱ्यात जास्त मोठं, एवढाच फरक. खरा प्रश्न वेगळा आहे: बघणाऱ्याने डोक्यावर कुठे कुठे बघितलं, आणि कशाची कशाशी तुलना केली? तुम्ही लिहिलंय की कॅमेरा भांगावरच ठेवला होता. मागच्या बाजूला, मानेच्या वर जो केसांचा दाट पट्टा असतो तिथे कोणी तो लावलाच नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी मागे बघितलं की नाही याचा तुमच्या प्रश्नात उल्लेख नाही. माझ्या लेखी सगळी गोम इथेच आहे.

तुमचं डोकं न बघता मी निदान सांगणार नाही. पण ही तपासणी करताना मी काय शोधते, का शोधते आणि कुठे फसायला होतं हे सांगू शकते. त्यावरून तुमच्याकडे आलेल्या दोन उत्तरांपैकी कोणतं किती टिकतं ते तुमचं तुम्हालाच जोखता येईल.

या तपासणीला ट्रायकोस्कोपी म्हणतात. हे नाव २००६ साली लिडिया रुडनिका आणि माल्गोझाता ओल्शेव्स्का या डॉक्टरांनी सुचवलं. त्याआधीही त्वचारोगतज्ज्ञ डोक्यावर भिंग लावतच होते. हातातलं भिंग म्हणजे डर्माटोस्कोप. त्यातून साधारण दहापट मोठं दिसतं आणि त्याला स्वतःचा दिवा असतो. बऱ्याच यंत्रांत ध्रुवीकृत प्रकाशाची सोय असते, त्यामुळे त्वचेवरची चकाकी नाहीशी होते आणि नजर पृष्ठभागाच्या जरा खाली पोचते. संगणकाला जोडलेल्या कॅमेऱ्यातून वीसपट ते सत्तरपट, कधी त्याहूनही मोठं दिसतं. फोटो जपून ठेवता येतात, केसांची जाडी मोजता येते. तो त्याचा खरा फायदा. पण रोजच्या कामात बहुतेक निदानं दहापट भिंगातच होतात. खिशातलं भिंग म्हणजे वरवरची तपासणी, असं मनात आलं असेल तर ते काढून टाका.

मोठ्या पडद्याची एक गंमत सांगते. पन्नासपट मोठं करून दाखवलं तर कोणाचंही डोकं भयंकरच दिसतं. तेलकट थर, सुटलेले पापुद्रे, केसाभोवतीची लाली हे सगळं निरोगी डोक्यावरही थोडंफार असतं. ही तपासणी शिकताना मी स्वतःच्या टाळूचा फोटो पहिल्यांदा पडद्यावर बघितला, तेव्हा दोन मिनिटं माझ्याही पोटात गोळा आला होता. ज्याने आयुष्यात दुसरं डोकं असं बघितलेलं नाही, त्याला एकच फोटो दाखवून काहीही पटवून देता येतं.

आता ती 'मेलेली मुळं'. वाढत्या केसाचं मूळ त्वचेखाली चार-पाच मिलिमीटर खोल, चरबीच्या थरात रुतलेलं असतं. भिंगाला दिसतो तो जेमतेम वरचा पातळ थर, म्हणजे केस जिथून बाहेर येतो ते तोंड आणि बाहेर आलेला केस. मूळ जिवंत आहे की नाही हे आपण या दोन गोष्टींवरून ताडतो, ते थेट दिसत नाही. रिकामं छिद्र दिसलं म्हणजे मूळ मेलं असंही नाही. जुना केस पडून गेल्यावर नवा येईपर्यंत काही काळ छिद्र रिकामं असू शकतं. आणि छिद्रात साचलेल्या तेलामुळे केस पडत नाहीत. पिवळसर ठिपके दिसतात खरे, पण ते केस बारीक झाल्याचा किंवा नाहीसा झाल्याचा परिणाम असतात. छिद्र साफ करून केस परत येत नाहीत.

याच ओघात, तुम्ही प्रश्नात लिहिलेल्या आणखी एका भीतीबद्दल. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा गोळा दिसतो आणि तुम्हाला वाटतं की केस मुळासकट आला. तसं नसतं. विश्रांतीत गेलेल्या केसाचं खालचं टोक सुकून असंच गदेसारखं होतं. केसाला जन्म देणारा भाग त्वचेतच राहतो. उलट हा पांढरा गोळा बघून मला बरं वाटतं. केस आपली पाळी संपवून, रीतसर गळला आहे.

माझी पद्धत अशी. भिंग हातात घ्यायच्या आधी विचारपूस करते, आणि त्यात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा की केस गळताहेत की विरळ होताहेत. दोन्ही एकच वाटतं, पण नाही. काहींच्या उशीवर, कंगव्यात, न्हाणीत केसांचा पुंजका येतो, पण भांग होता तेवढाच असतो. काहींचे केस फारसे गळतच नाहीत, तरी दोन वर्षांत भांग रुंद झालेला असतो. पहिला प्रकार बहुधा केसांच्या वेळापत्रकाचा बिघाड असतो, दुसरा केसांच्या जाडीचा. मग चिमटीत पन्नास-साठ केस धरून मुळापासून टोकापर्यंत हलक्या हाताने ओढून बघते. दोनपेक्षा जास्त हातात आले तर गळती अजून सुरू आहे असं धरते. पूर्वी सहाच्या वर आले तरच त्याला महत्त्व द्यायचे आणि त्याआधी पाच दिवस डोकं धुवू नका म्हणायचे. आता तो हट्ट उरलेला नाही.

त्यानंतर भिंग. किमान चार जागी: कपाळावरची केसांची कड, मधला भांग, माथा, आणि मागचा पट्टा. कानांच्या वरची बाजूही बघते. आधी कोरडं, कारण पापुद्रे कोरड्यातच नीट दिसतात. मग गरजेप्रमाणे जेल किंवा स्पिरिट लावून, कारण ओलं केलं की पापुद्रे पारदर्शक होतात आणि खालच्या रक्तवाहिन्या व ठिपके उठून दिसतात. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. ते डॉक्टर दोन-तीन मिनिटांत म्हणाले म्हणून घाई केली असं मी म्हणणार नाही, सरावलेल्या डोळ्याला तेवढं पुरू शकतं. फक्त त्यांनी मागे बघितलं का, हे विचारा.

बघताना माझ्या डोक्यात तीन प्रश्न एका क्रमाने असतात. पहिला: केसांची तोंडं जागेवर आहेत का?

हा पहिला, कारण याचं उत्तर 'नाही' आलं तर घाई करावी लागते. काही आजारांत केसाच्या मुळाभोवती दाह होतो आणि मूळ नष्ट होऊन तिथे व्रण भरतो. छिद्र बुजतं, त्वचा गुळगुळीत होते, आणि तिथे पुन्हा केस येत नाही. उपचार करायचे ते उरलेले वाचवण्यासाठी. भिंगाखाली अशा जागी छिद्रं नसलेले फिकट पट्टे दिसतात. कडेला उरलेल्या केसांच्या बुडाशी नळीसारखा पांढरा पापुद्रा गुंडाळलेला असला तर लायकेन प्लॅनोपिलारिस नावाच्या अशाच एका आजाराचा संशय येतो. एकाच तोंडातून पाच किंवा जास्त केस झुबक्यासारखे, बाहुलीच्या केसांसारखे बाहेर आलेले दिसले तर मुळांच्या पू होणाऱ्या एका जुनाट दाहाचा. बुचासारखे मोठे पिवळे ठिपके आणि फांद्या फुटलेल्या रक्तवाहिन्या दिसल्या तर ल्युपस या आजाराचा. स्टीव्हन कोसार्ड यांनी १९९४ साली वर्णन केलेला एक प्रकार आहे, त्यात कपाळावरची केसांची कड हळूहळू मागे सरकते. तिथे मी लव शोधते. निरोगी कडेला मोठ्या केसांच्या पुढे बारीक लव असतेच. ती पूर्ण नाहीशी झाली असेल आणि भुवयाही विरळ होत असतील, तर आरशात काहीच वाटत नसलं तरी मी सावध होते.

इथे सावळ्या त्वचेबद्दल एक इशारा द्यायलाच हवा, कारण जुन्या पुस्तकांतले बहुतेक फोटो गोऱ्या त्वचेचे असतात. सावळ्या टाळूवर भिंगाखाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी तपकिरी जाळी दिसते आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके सारख्या अंतरावर विखुरलेले असतात. ते घामाच्या ग्रंथींची आणि केसांची तोंडं असतात, अगदी निरोगी डोक्यावरसुद्धा. 'पांढरे ठिपके म्हणजे व्रण' एवढंच पाठ केलेला माणूस इथे हमखास फसतो. व्रणाचे ठिपके मोठे, वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले असतात आणि भोवतीची तपकिरी जाळीही तिथे तुटलेली असते. तुम्हाला पडद्यावर दाखवलेली 'मेलेली मुळं' म्हणजे हेच निरोगी ठिपके असावेत अशी मला शंका आहे. शंकाच, फोटो बघितल्याशिवाय खात्री नाही.

दुसरा प्रश्न: केस एकसारखे जाड आहेत का?

निरोगी टाळूवर केस एकेकटे उगवत नाहीत. एका तोंडातून दोन किंवा तीन, कधी चार केस जोडीने येतात, आणि अधूनमधून एखादा एकटा. त्यांची जाडी साधारण सारखी असते. आनुवंशिक विरळपणात, पुरुषांत असो की स्त्रियांत, केस एकदम मरत नाहीत. प्रत्येक नव्या फेरीत येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येतो आणि शेवटी त्याची लव होते. सगळी मुळं एकाच वेगाने खंगत नाहीत, त्यामुळे भिंगाखाली जाड, मध्यम, बारीक असे सगळे शेजारीशेजारी दिसतात. जोडीतले एकेक साथीदार गळून तोंडात एकटाच केस उरतो. केसाच्या बुडाशी तपकिरी वलय दिसू शकतं, पण सावळ्या त्वचेवर ते ओळखणं कठीण, म्हणून मी त्यावर विसंबत नाही. ढोबळ आकडे असे: दिसणाऱ्या केसांपैकी वीस टक्क्यांहून जास्त केसांच्या जाडीत फरक असेल, किंवा ०.०३ मिलिमीटरपेक्षा बारीक केस पुढच्या भागात दहा टक्क्यांहून जास्त असतील, तर हे निदान पक्कं होत जातं.

पण आकड्यांपेक्षा मी ज्या गोष्टीला जास्त मानते ती म्हणजे पुढचं आणि मागचं चित्र शेजारीशेजारी ठेवणं. मागच्या पट्ट्यातली मुळं या प्रक्रियेला बहुतांशी दाद देत नाहीत. म्हणून तर केसरोपणात केस तिथून घेतात. म्हणजे तुमच्या डोक्यावरच तुमचं मोजमाप तयार आहे. कोणाचे केस मुळातच बारीक असतात, कोणाचे जाड. पडद्यावरचा एकटा भांग बघून 'केस बारीक आहेत' म्हणणं म्हणजे एकाच पायाचा फोटो बघून माणूस लंगडतो असं म्हणणं. मागे जाड, जोडीने आलेले केस आणि पुढे बारीक, एकेकटे असं दिसलं तर बोलायला जागा आहे. दोन्हीकडे सारखंच असेल तर आनुवंशिक विरळपणाची शक्यता बरीच मागे पडते.

तिसरा प्रश्न: केस तुटलेले आहेत का, आणि असतील तर कसे?

तुटका केस बरंच काही सांगतो. चाई पडते तेव्हा कडेला वर जाड आणि बुडाशी निमुळते होत गेलेले आखूड केस दिसतात, थेट उद्गारचिन्हासारखे. सोबत त्वचेच्या पातळीवरच तुटलेल्या केसांचे काळे ठिपके. याचा अर्थ आजार आत्ता जागा आहे. सरळ किंवा गोल वेटोळे घेतलेली नवी लव दिसू लागली की तो ओसरतोय असं मानते. लहान मुलांच्या डोक्यावर स्वल्पविरामासारखे वाकडे किंवा मळसूत्रासारखे पिळलेले आखूड केस दिसले की मी आधी बुरशीचा, म्हणजे डोक्यावरच्या गजकर्णाचा विचार करते. असं एक मूल माझ्याकडे आलं होतं. चार महिने कोंड्याचा शाम्पू चालू होता, गळा आणि मान गाठींनी भरली होती, आणि भिंगाखाली पहिल्याच नजरेत चार-पाच स्वल्पविराम. केस खरवडून बुरशीची तपासणी केली आणि पोटातून औषध सुरू केलं. नुसत्या मलमाने ही बुरशी जात नाही, कारण ती केसाच्या आत असते. ज्यांना नकळत केस उपटायची सवय असते त्यांच्या डोक्यावर केस प्रत्येक उंचीवर तुटलेले असतात. काही टोकं फाटलेली, काही वेटोळी, एका तोंडातले दोन केस एकाच उंचीवर तुटून इंग्रजी व्ही अक्षर तयार झालेलं. हे दिसलं की मी बोलण्याचा सूर बदलते. आरोप केल्यासारखं विचारलं तर उत्तर 'नाही' हेच येतं.

आता तुमच्याकडे येते. तापानंतरच्या गळतीला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. टाळूवर साधारण एक लाख केस असतात. त्यातले दहाएक टक्के कोणत्याही क्षणी विश्रांतीत असतात आणि रोज पन्नास ते शंभर केस गळणं हा नेहमीचा हिशेब. जोराचा ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, वजन झपाट्याने उतरणं अशा धक्क्याने बरेच केस एकदम विश्रांतीत जातात. विश्रांती सुमारे तीन महिन्यांची, म्हणून गळती धक्क्यानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होते. तुमचं वेळापत्रक याच्याशी अगदी जुळतं, त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं अजिबात हवेतलं नाही.

अडचण अशी की या आजाराची भिंगाखाली स्वतःची ठळक खूण नाही. केस सारख्या जाडीचे, पुढे-मागे फारसा फरक नाही, थोडी रिकामी तोंडं, आणि अधूनमधून टोकदार, जाड बुंध्याचे नवे केस ताठ उभे. बस एवढंच. म्हणजे बाकीचं काही नाही हे बघून तिथवर पोचायचं. हे निदान पटकन देता येतं, आणि म्हणूनच ते बऱ्याचदा चुकीचं दिलं जातं.

नव्या केसांवरून एक साधा हिशेब मात्र करता येतो, आणि मला तो फार उपयोगी वाटतो. डोक्यावरचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. भांगाच्या कडेला चार सेंटिमीटरचे टोकदार, जाड केस भरपूर दिसले तर चार महिन्यांपूर्वीपासून भरपाई सुरू आहे. पण आखूड केस दिसला की तो नवाच, असं नाही. खंगत चाललेला केसही आखूड असतो. फरक बुंध्यात असतो. नव्या केसाचा बुंधा जाड आणि गडद, खंगलेल्याचा बुंधाही टोकाइतकाच बारीक आणि फिका. मध्येच तुटलेल्या केसाचं टोक बोथट असतं. हे तीन प्रकार नुसत्या डोळ्यांनी वेगळे होत नाहीत, भिंगाखाली चटकन होतात.

आता न आवडणारा भाग. धक्क्यानंतरची गळती सहसा सहा महिन्यांच्या आत ओसरते. तुमची सातव्या महिन्यात अजून सुरू आहे. त्यामुळे 'थांबेल' हे उत्तर मला अपुरं वाटतं, आणि मी तीन शक्यता उघड्या ठेवीन. एक, कारण अजून चालू आहे: लोह कमी, थायरॉइडची गडबड, वजन अजून उतरतंय, एखादं औषध. यातलं काहीच भिंगाखाली दिसत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाच्या साठ्यासाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) तपासावं लागतं. टाळूचा फोटो बघून 'तुमच्यात अमुक जीवनसत्त्व कमी आहे' असं जो सांगतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा. दोन, आनुवंशिक विरळपणा आधीपासून हळूहळू चालू होता आणि तापाच्या गळतीने तो उघडा पाडला. हे माझ्या बघण्यात खूप येतं. गळती थांबते, पण भांग पूर्वीसारखा भरत नाही, आणि मग बाई म्हणते की 'तापानंतर माझे केस आलेच नाहीत'. तीन, चाईचाच एक छुपा प्रकार, ज्यात गोल चट्टा पडत नाही. सगळीकडून केस भसाभस गळतात आणि ते अगदी तापानंतरच्या गळतीसारखं दिसतं. भिंगाखाली मात्र सगळ्या टाळूवर, मागेसुद्धा, भरपूर पिवळे ठिपके आणि आखूड नवी लव दिसते. हा प्रकार तसा क्वचित. पण जो मागे बघतच नाही त्याला तो कधीच सापडणार नाही.

दुसऱ्या आणि पहिल्या शक्यतेत फरक करायचा तर पुन्हा तेच: भांग आणि मागचा पट्टा, सारख्याच मोठेपणावर, शेजारीशेजारी. तुमच्या बाबतीत या एका तुलनेने निम्म्याहून जास्त उत्तर मिळेल असं मला वाटतं.

बायोप्सीबद्दल. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून तिची घाई मला दिसत नाही. छिद्रं नाहीशी होताना दिसली, दाहाची खूण असली, किंवा चाईचा छुपा प्रकार आणि साधी गळती यांत काही केल्या निर्णय होत नसेल, तेव्हा मी ती करते. करायची तर जागा भिंगाने निवडून. टक्कल पडलेल्या गुळगुळीत जागेच्या मधोमधचा तुकडा घेतला तर अहवालात 'व्रण' एवढंच येतं, जे आधीच दिसत होतं. जिथे केस अजून आहेत पण बुडाशी गडबड आहे, त्या कडेवरचा साधारण ४ मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा आणि पॅथॉलॉजिस्टला आडवे काप करायला सांगायचं. आडव्या कापात एका वेळी सगळ्या मुळांचा आडवा छेद दिसतो आणि जाड-बारीक केस मोजता येतात. नुसत्या उभ्या कापात दोन-चार मुळंच हाती लागतात.

पुढच्या तपासणीला जाताना काय करायचं तेही सांगते, कारण यात मीही एकदा तोंडघशी पडले आहे. एका बाईंच्या टाळूवर मला काळे ठिपके दिसले आणि मी चाईबद्दल बोलू लागले. त्यांनी शांतपणे सांगितलं की परवाच केस रंगवले. स्पिरिटचा बोळा फिरवला आणि माझी चाई पुसली गेली. तेव्हापासून हा प्रश्न मी सुरुवातीलाच विचारते. जाण्याआधी आठवडाभर केस रंगवू नका, विरळपणा झाकायची पावडर किंवा तंतू वापरू नका, आदल्या दिवशी साध्या शाम्पूने धुवा आणि त्या दिवशी तेल लावू नका. धूळसुद्धा भिंगाखाली काळा ठिपकाच दिसते. मिनॉक्सिडिल हे केसवाढीचं औषध सुरू केलं असेल तर ते आवर्जून सांगा. सुरुवातीचे काही आठवडे त्याने गळती वाढू शकते, आणि पुढे बारीक केस जाड होऊ लागल्यावर भिंगाखालचं चित्रही बदलतं. कधी सुरू केलं ते माहीत नसेल तर माझा हिशेब चुकतो.

मोबाईलला लावायची छोटी भिंगं मिळतात, ती घेऊ का असंही तुम्ही विचारलंय. निदानासाठी नको. पण दर महिन्याला एकाच उजेडात, एकाच जागचा भांग, एवढा फोटो काढून ठेवलात तर डॉक्टरांना फार मदत होते, आणि त्याला साधा कॅमेराही पुरतो. रोज गळलेले केस मोजणं मात्र बंद करा. मोजून मोजून माणूस जास्त घाबरतो आणि आकडा तसाही भरवशाचा नसतो, कारण धुतलेल्या दिवशी तो वाढणारच.

डॉक्टरांकडे गेलात की एवढंच म्हणा: 'पुढचा आणि मागचा भाग सारख्याच मोठेपणावर बघून, जमलं तर दोन्हींचे फोटो मला दाखवाल का?' चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न खटकत नाही. फोटो जपून ठेवायला सांगा, कारण आज निर्णय झाला नाही तरी चार ते सहा महिन्यांनी तीच जागा पुन्हा बघता येते. केस बारीक होत चालले आहेत की जाड होताहेत, हे त्या दोन फोटोंच्या फरकात दिसतं.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, यासाठी केस कापावे लागतात का. नाही. फक्त वाढीचा वेग आकड्यांत मोजायचा असेल तर टाळूवरचा एक छोटा ठिपका भादरून दोन-तीन दिवसांनी पुन्हा फोटो घेतात, पण तुमच्या प्रश्नाला त्याची गरज नाही. भांग पाडून, क्लिपा लावून काम होतं. क्लिपा तेवढ्या घेऊन जा, आमच्याकडच्या नेहमी हरवतात.